साठी बुद्धी नाठी – हे खरे काय?

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण ऐकली नाही असा मराठी माणूस विरळाच. घरातील वृद्ध माणूस डोक्यावर सारलेला चष्मा घरभर शोधू लागला, जेवण झाल्यावर पुन्हा ताट मागू लागला, किंवा धाकट्या नातवाला थोरल्याच्या नावाने हाक मारू लागला, की ही म्हण हमखास कोणाच्या तरी ओठावर येते. थोडा हशा पिकतो आणि विषय संपतो. म्हणीने निकाल दिलेला असतो : वय झाले, बुद्धी गेली, आता यात करण्यासारखे काही उरले नाही.

मला या निकालावर अपील करावयाचे आहे. मी वैद्यकशास्त्राचा विद्यार्थी नाही; मराठी आणि समाजशास्त्र हे माझे विषय. तरीही वार्षिकांकाची चार पाने या विषयाला मागितली, याचे कारण असे की, गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत मेंदू आणि रक्तवाहिन्या यांच्यासंबंधी जे संशोधन झाले, त्याने या म्हणीचा बराच मोठा भाग खोटा ठरविला आहे; आणि ही बातमी अजून अमडापूरच्या ओट्यापर्यंत नीट पोहोचलेली नाही. प्रयोगशाळेत सिद्ध झालेली गोष्ट खेड्यातील माणसाच्या उपयोगी पडत नसेल, तर दोष संशोधनाचा, की ते घरोघर पोहोचविण्याचे काम ज्या शिकलेल्या मंडळींचे आहे त्यांचा? माझे बोट दुसऱ्या बाजूकडे आहे, आणि त्या शिकलेल्या मंडळींत आपण महाविद्यालयीन विद्यार्थीही आलो.

आधी म्हणीचेच पाहू. नाठी म्हणजे नाहीशी झालेली, पळालेली. गंमत अशी की, एकीकडे आपण साठी पुरी झाली म्हणून षष्ट्यब्दिपूर्तीची शांत करतो, पुढे सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा करतो, आणि दुसरीकडे साठीतच बुद्धीने घर सोडले असे समजतो. महर्षी धोंडो केशव कर्वे १९२९ मध्ये युरोप-अमेरिकेच्या प्रवासास निघाले ते सत्तरीत. खेड्यापाड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी नवे मंडळ काढले ते १९३६ मध्ये, म्हणजे अठ्ठ्याहत्तरीच्या घरात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचा जन्म १९०१ चा आणि त्यांच्या प्रमुख संपादकत्वाखालील मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा. पंचाहत्तराव्या वर्षी ज्ञानकोशाचा पहिला खंड वाचकांच्या हाती देणाऱ्या माणसाला ही म्हण कशी लागू करावी? ही माणसे असामान्य होती, असे कोणी म्हणेल. होती, हे खरे. पण त्यांच्या उदाहरणाने एवढे तरी सिद्ध होते की, केवळ वय हा गुन्हेगार नव्हे. गुन्हेगार दुसरा कोणी आहे, आणि वय हे बहुधा त्याला मिळालेली सवड आहे.

आपल्या भागात मेंदूच्या दुखण्याचे दोन चेहरे दिसतात. एक अचानक येणारा. काल बैलजोडी घेऊन शेतात गेलेला माणूस आज सकाळी उठतो तो तोंड वाकडे, एका बाजूचा हातपाय लुळा आणि बोलणे बोबडे. ‘लकवा मारला’, ‘वारे गेले’ असे आपण म्हणतो; कोणी तेल चोळतो, कोणी झाडफुंक करणाऱ्याला आणतो. दुसरा चेहरा सावकाश येणारा. आधी व्यवहारातले आकडे चुकतात, मग रोजची वाट चुकते, मग माणसे ओळखू येईनाशी होतात. पहिल्या दुखण्याला आपण बाहेरची बाधा किंवा नशीब म्हणतो, दुसऱ्याला वय. शास्त्र मात्र सांगते की, ही दोन्ही पुष्कळदा एकाच घरची भावंडे असतात. आणि ते घर म्हणजे मेंदूला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या.

मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के. पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के एकटा मेंदू घेतो. एवढा मोठा खाणारा असूनही त्याच्याजवळ कणगी नाही. रोज मजुरी करून रोजचे पीठ आणणाऱ्या घरासारखी त्याची स्थिती असते. रक्तपुरवठा थांबला तर काही सेकंदांत माणूस बेशुद्ध पडतो आणि काही मिनिटांत मेंदूच्या पेशी मरू लागतात. शिवाय मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे जास्त रक्त वळविले जाते. ही कल्पना रॉय आणि शेरिंग्टन या इंग्लंडातील शास्त्रज्ञांनी १८९० मध्येच मांडली होती. म्हणजे हा लेख वाचताना आपल्या मेंदूतील वाचनाच्या जागी रक्ताचा पाट फोडलेला असणार.

हा पाट लोखंडी नळासारखा निर्जीव असता, तर गोष्ट सोपी होती. शाळेच्या पुस्तकात आपण ज्यांना रोहिणी किंवा धमनी म्हणून शिकलो, त्या जिवंत असतात आणि जन्मभर स्वतःला घडवीत राहतात. हृदयाजवळची महारोहिणी तरुणपणी रबरासारखी लवचीक असते. दिवसाला सुमारे एक लाख ठोके पडतात. प्रत्येक ठोक्याला ती फुगते, धक्का स्वतः सोसते आणि रक्त शांतपणे पुढे सोडते. ही लवचिकता इलॅस्टिन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंमुळे असते. हे तंतू मुख्यतः लहानपणी तयार होतात आणि पुढे जवळजवळ तेच जन्मभर पुरवावे लागतात. वर्षानुवर्षे ताणले जाऊन ते विरतात, त्यांची जागा कोलॅजनचे ताठ तंतू घेतात. मग मोठी रोहिणी धक्का सोसेनाशी होते, आणि तो धक्का पुढे मेंदूतील केसासारख्या बारीक वाहिन्यांवर जाऊन आदळतो.

त्यात रक्ताचा दाब वाढलेला असेल तर बारीक रोहिणी स्वतःच्या रक्षणासाठी भिंत जाड करते; भिंतीतील स्नायूपेशी आतल्या पोकळीभोवती नव्या पद्धतीने रचल्या जातात. शास्त्रज्ञ याला रक्तवाहिनीची पुनर्रचना म्हणतात. ओलिताच्या शेतात पाटाचा काठ खचू लागला की आपण आतून माती लावून तो जाड करतो. काठ वाचतो, पण पाट अरुंद होतो आणि शेवटच्या वाफ्याला पाणी पुरत नाही. मेंदूच्या खोल भागातील वाफे असेच कोरडे पडतात. कुठे एखादी बारीक वाहिनी बंद होते, कुठे फुटते. मोठी वाहिनी बंद पडली किंवा मोक्याच्या जागी रक्तस्राव झाला, तर लकवा. अगदी लहान लहान वाहिन्या एकेक करून बंद होत गेल्या, तर कोणाला काही कळतही नाही. प्रत्येक वेळी मोहरीएवढा तुकडा जातो, आणि दहा-पंधरा वर्षांनी घरची माणसे म्हणतात, आजोबांना आजकाल काही सुचत नाही. हे नुकसान साठीत दिसते. पण त्याची सुरुवात चाळिशीत, क्वचित तिशीतही झालेली असते. म्हण जिथे सुरू होते तिथे गोष्ट निम्म्याहून अधिक संपलेली असते, हा माझा म्हणीवरचा पहिला आक्षेप.

दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा. ही पुनर्रचना एकाच दिशेने चालते असे नाही. १९९० च्या दशकात कॅनडातील अर्नेस्टो शिफ्रिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तदाबाच्या रुग्णांच्या कातडीखालील बारीक रोहिण्या काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. एका प्रकारचे औषध वर्ष-दोन वर्षे घेतल्यावर त्यांची जाड झालेली रचना पुष्कळशी पूर्ववत होऊ लागली. दुसऱ्या प्रकारच्या औषधाने दाब तितकाच उतरला, पण रोहिणीची रचना सुधारली नाही. यातून दोन धडे मिळतात. एक, बिघडलेली वाहिनी पुन्हा घडविता येते. दुसरा, कोणती गोळी द्यावयाची हे डॉक्टरांनी ठरवावे, शेजाऱ्याच्या डबीतून ती उचलू नये. फार वर्षे वाढलेल्या दाबाची सवय झालेल्या मेंदूला दाब एकदम पाडलेलाही सोसत नाही. तो बेताबेताने उतरवावा लागतो.

आता कोणी म्हणेल की, खेड्यातील लोक दैववादी, म्हणून त्यांना हे कळत नाही. हा आरोप मला अन्यायाचा वाटतो. कारण ऐंशी वर्षांपूर्वी जगातील नामांकित डॉक्टरही याच मताचे होते. रोहिण्या अरुंद झाल्यावर त्यांतून रक्त ढकलण्यासाठी वाढलेला दाब आवश्यकच असतो, तो उतरविणे धोक्याचे, अशी समजूत होती. या रोगाला इंग्रजीत आजही ‘इसेन्शियल’ म्हणजे आवश्यक असे विशेषण लावतात, त्याच्या मुळाशी हीच समजूत आहे. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने गेले, त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३००/१९० होता. त्याआधीची कित्येक वर्षे तो चढत होता आणि डॉक्टर तो कागदावर लिहून ठेवीत होते. जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्राच्या अध्यक्षाला जे उपलब्ध नव्हते, ते आज अमडापूरच्या शेतमजुराला उपलब्ध होऊ शकते. आपण हे लक्षात घेत नाही.

हा बदल घडविण्यात आपल्या मुंबईचा वाटा आहे, हे विदर्भातल्या विद्यार्थ्यांनाही ठाऊक असावे. सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडे पूर्वापार माहीत होती. कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये वेड आणि रक्तदाब यांवर तिच्या उपयोगासंबंधी लिहिले. पुढे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रुग्णांवर पद्धतशीर प्रयोग करून, दाब आधी किती, औषधानंतर किती, याच्या नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निबंध प्रसिद्ध केला. जगाचे लक्ष सर्पगंधेकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतील शास्त्रज्ञांनी तिच्या मुळातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले, आणि १९५७ मध्ये डॉ. वकील यांना अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले. मुळी जंगलात शतकानुशतके होतीच. तिला औषधाची प्रतिष्ठा मिळाली ती मोजमापामुळे. आपली आजीबाईच्या बटव्याबद्दलची भाषणे मोजमापापाशी येऊन थांबतात. आज रेसर्पिन फारसे वापरीत नाहीत, कारण त्यापेक्षा चांगली आणि कमी त्रासाची औषधे निघाली. विशेषतः मनाला उदासी आणण्याचा त्याचा दोष मोठा होता. तेव्हा कोणी हा लेख वाचून सर्पगंधेची मुळी उकळू नये.

पण पुढची पायरी त्याच रेसर्पिनने चढली. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एडवर्ड फ्राइस यांनी तीन औषधांचा संच काही रुग्णांना दिला, काहींना नुसती बिनऔषधी गोळी दिली, आणि वाट पाहिली. तीन औषधांतील एक रेसर्पिन होते. फार दाब असलेल्या रुग्णांत दोन गटांतील तफावत इतकी स्पष्ट दिसली की, तो भाग लवकर थांबवून १९६७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध करावे लागले. मध्यम दाबाच्या रुग्णांचे निष्कर्ष १९७० मध्ये आले. दाब उतरविला की लकवा टळतो, हे तेव्हापासून वादापलीकडे गेले. आणि २०१९ मध्ये अमेरिकेतीलच स्प्रिंट नावाच्या मोठ्या प्रयोगाने दाखविले की, दाब अधिक काटेकोरपणे आवरला तर स्मृती आणि आकलन यांची सौम्य घसरणही कमी होते. लकवा आणि विसर ही भावंडे आहेत, असे वर म्हटले त्याला हा आधार आहे.

येथवरच्या कथेत मुंबई आली, अमेरिका आली. खेडे आले नाही. म्हणून आता आपल्याच विदर्भाच्या पूर्व टोकाला जाऊ. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. त्या संस्थेतील मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि त्यांचे सहकारी यांनी ८६ गावांतील मृत्यूंची कारणे घरोघर विचारून नोंदविली. २०११ ते २०१३ या दोन वर्षांत त्या गावांत १,५९९ मृत्यू झाले, त्यांपैकी २२९ लकव्याने. म्हणजे साधारण दर सात मृत्यूंमागे एक. मृत्यूच्या कारणांत लकव्याचा क्रमांक पहिला होता. आणि या रोगाने गेलेल्या शंभरांपैकी सत्त्याऐंशी माणसे घरीच गेली.

हे आकडे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा पुष्कळांना धक्का बसला. रक्तदाब हा शहरातील, खुर्चीत बसणाऱ्या, तुपातले खाणाऱ्या माणसाचा रोग, अशी आपली ठाम समजूत. धान आणि मोहफुलांच्या प्रदेशात, पायी चालणाऱ्या, काटक माणसांत तो पहिल्या क्रमांकावर कसा? गडचिरोली आणि बुलढाणा ही विदर्भाची दोन टोके. जंगल वेगळे, पीक वेगळे, बोली वेगळी. पण तंबाखूची पुडी दोन्हीकडे खिशात आहे, मीठ दोन्हीकडे ताटात आहे, आणि दाब कधीच न मोजलेले दंड दोन्हीकडे आहेत. आपल्या कपाशी-सोयाबीनच्या शेतात राबणारा माणूस काटक आहे म्हणून सुरक्षित आहे, ही समजूत गडचिरोलीने मोडीत काढली आहे. श्रमाने शरीर घट्ट होते, हे खरे. पण वाढलेला दाब घट्ट शरीरातही आवाज न करता राहतो.

गडचिरोलीची मंडळी नुसते मोजून थांबली नाहीत. त्यांनी ६४ गावांत एक प्रयोग हाती घेतला. गावातल्याच आरोग्यसेविकांना दाब मोजावयास शिकविले. त्यांनी घरोघर जाऊन माणसे शोधावयाची, फिरत्या दवाखान्यातील डॉक्टरांनी औषध ठरवावयाचे आणि ते औषध सुटू नये म्हणून पुन्हा सेविकेने दार ठोठवावयाचे, अशी ती योजना. याच धर्तीवर चीनमधील ३२६ खेड्यांत सुमारे ३४ हजार माणसांवर चार वर्षे झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे मोठे तज्ज्ञ नव्हते. साधे ग्रामवैद्य होते. त्यांनी ठरलेल्या पद्धतीने दाब आवरला, आणि त्या गावांत स्मृतिभ्रंशाचे, म्हणजे डिमेन्शियाचे, प्रमाण इतर गावांपेक्षा १५ टक्क्यांनी कमी झाले. गावपातळीवरच्या साध्या माणसाने, साध्या गोळ्यांनी, म्हातारपणीची बुद्धी वाचविता येते, याचा इतका मोठा पुरावा पूर्वी नव्हता. भारतातही रक्तदाब नियंत्रणाचा शासकीय उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला आणि महाराष्ट्रात त्याचा आरंभ वर्धा, भंडारा, सातारा व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतून झाला. तेव्हा कमतरता संशोधनाची नाही, औषधाचीही फारशी नाही. दंडाला पट्टा बांधणाऱ्या हातांची आणि पुढे केलेल्या दंडांची आहे.

यावर काही आक्षेप नेहमी ऐकू येतात. ‘मला काहीच होत नाही, मग मी कशाला तपासू?’ हा पहिला. पण काहीच होत नाही, हेच या रोगाचे लक्षण आहे. चक्कर, डोकेदुखी यांची वाट पाहणारा माणूस बहुधा लकव्याचीच वाट पाहत असतो. ‘एकदा गोळी सुरू केली की तिची सवय लागते’ हा दुसरा. गोळी सोडल्यावर दाब पुन्हा चढतो तो सवयीमुळे नव्हे, रोग तेथेच असल्यामुळे. छत्री मिटल्यावर माणूस भिजतो म्हणून छत्रीची सवय लागली असे आपण म्हणत नाही. ‘आमचे आजोबा खारोड्या, लोणचे, ठेचा खाऊन नव्वद वर्षे जगले’ हा तिसरा. जगले ते दिसले. त्यांच्याबरोबरीचे जे पन्नाशीत लकव्याने गेले, त्यांची उदाहरणे द्यायला कोणी उरले नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे म्हणते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. भाजी, भाकरी, पापड आणि लोणचे मिळून आपण कोठे पोहोचतो, याचा हिशेब प्रत्येक घराने करून पाहावा.

चौथा आक्षेप खरा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. सगळा स्मृतिभ्रंश रक्तवाहिन्यांमुळे होत नाही. जर्मनीतील अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये वर्णन केलेल्या रोगात मेंदूत विशिष्ट प्रथिने साचतात. तो निर्व्यसनी, काळजी घेणाऱ्या माणसालाही गाठतो. त्यावर २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या एका औषधाची किंमत वर्षाला साडेसव्वीस हजार डॉलर ठेवली गेली, आणि तेही रोग थोडासाच मंदावते. पण वृद्धांच्या मेंदूत हा रोग आणि रक्तवाहिन्यांचे नुकसान पुष्कळदा एकत्र नांदतात, आणि दुसरे नसेल तर पहिला काही काळ सोसता येतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीने २०२४ मध्ये चौदा धोके मोजले आणि सांगितले की, ते सर्व टाळता आले तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबणीवर पडेल. उरलेले ५५ टक्के आपल्या हातात नाहीत. शंभरातील पंचेचाळीस वाचविता येत असताना पंचावन्नांकडे बोट दाखवून स्वस्थ बसणे, याला मात्र दैववाद म्हणावे लागेल.

त्या चौदांच्या यादीत रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान ही अपेक्षित नावे आहेत; बहिरेपणा आहे, एकटेपणा आहे; आणि एक नाव असे आहे की ते पाहून कला महाविद्यालयाने मान वर करावी. ते म्हणजे लहानपणी मिळालेले अपुरे शिक्षण. ज्याला शिकावयास मिळाले, त्याच्या मेंदूजवळ काही शिल्लक राहते आणि नुकसान सोसण्याची ताकद येते, असे संशोधन सांगते. भारतातील साठीपुढच्या माणसांच्या पाहणीवरून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज असा की, सुमारे ८८ लाख माणसांना, म्हणजे शंभरात सात-आठ जणांना, स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरापेक्षा खेड्यात तो अधिक आहे. हे वाचून मला आपल्या आज्यांची आठवण झाली. दुसरीतून किंवा चौथीतून काढून घरकामाला लावलेल्या, सही करताना आजही हात थरथरणाऱ्या त्या पिढीकडून आपण एक गोष्ट शाळेत हिरावून घेतली, आणि तिची दुसरी किंमत सत्तराव्या वर्षी वसूल होत आहे. मुलीला शाळेत पाठविणे ही तिच्या म्हातारपणाच्या बुद्धीची तरतूद आहे, असा प्रचार आजवर कोणी केलेला नाही. तो आपण करावा.

यात गावाचे काय जाते, तेही पाहिले पाहिजे. अमडापूर परिसरातील कोणत्याही आजीजवळ बसा : जात्यावरच्या ओव्या, कोणत्या शेताला काय नाव आणि ते का पडले, कोणाच्या लग्नात कोण रुसले, कोणत्या सालच्या दुष्काळात काय खाल्ले, हे सारे तिच्या डोक्यात असते आणि बहुधा दुसरीकडे कोठेही लिहिलेले नसते. मराठी विभागाचे विद्यार्थी लोकसाहित्य गोळा करावयास निघतात, तेव्हा पुष्कळदा उत्तर मिळते, ‘तिला सगळं येत होतं, आता आठवत नाही.’ आपण वही मिटवून पुढच्या घरी जातो. दुसरे नुकसान घरातल्या घरात होते. माणूस अंथरुणाला खिळला किंवा भ्रमिष्ट झाला, की त्याचे अंग पुसणे, त्याला भरविणे, रात्री तो उठून बाहेर जाऊ नये म्हणून जागणे, हे सुनेच्या किंवा मुलीच्या वाट्याला येते. तिची मजुरी बुडते, कधी धाकट्या बहिणीची शाळा सुटते. म्हणजे पुढच्या पिढीचा एक मेंदू पुन्हा त्याच वाटेला लागतो. हे चक्र दंडाला बांधावयाच्या पट्ट्यापासून तोडता येते, हे मला फार मोलाचे वाटते.

तेव्हा करावयाचे काय? राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये सुरू झाली, आणि तेव्हापासून श्रमसंस्कार शिबिरांत आपण रस्ते झाडीत आणि शोषखड्डे खणीत आलो आहोत. ती कामे वाईट नाहीत. पण एका शिबिरात एक वही आणि रक्तदाब मोजण्याची दोन यंत्रे घेऊन तिशीपुढच्या प्रत्येक माणसाचा दाब मोजावा. आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांच्या बरोबरीने हे करावे, त्यांना वगळून नव्हे. माणसाला पाच मिनिटे स्वस्थ बसवावे, नुकताच चहा किंवा तंबाखू घेतली असेल तर थोडे थांबावे, आणि एकदा जास्त आला म्हणून रोगाचा शिक्का न मारता पुन्हा वेगळ्या दिवशी मोजावे. १४०/९० किंवा त्याहून अधिक वारंवार येत असेल, तर त्याला डॉक्टरांपर्यंत नेऊन सोडावे. सर्वांत कठीण काम त्यानंतरचे : तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, पुढच्या वर्षी पुन्हा त्याच दारात जाणे. शिबिर सात दिवसांत संपते, दाब संपत नाही. म्हणून हे काम एका वर्गाने दुसऱ्या वर्गाच्या हाती वहीसकट सोपवावे.

आणि तीन खुणा प्रत्येक विद्यार्थ्याने घरी जाऊन सांगाव्यात. हसताना तोंड एका बाजूला वाकडे होते काय? दोन्ही हात वर केले तर एक खाली पडतो काय? बोलणे अडखळते काय? यांपैकी एक जरी अचानक दिसली, तरी मालीश नाही, अंगारा नाही, सकाळची वाट पाहणे नाही. लगेच १०८ ला फोन करून चिखली, खामगाव किंवा बुलढाणा, जिथे डोक्याचा सी. टी. स्कॅन होतो असे कळेल तेथे रुग्णाला हलवावे. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कळत नाही. खुणा केव्हा सुरू झाल्या ती वेळ घड्याळात पाहून ठेवावी. डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो.

मराठी भाषेत ‘चाळिशी’ या शब्दाला वयाखेरीज दुसराही अर्थ आहे. चाळिसाव्या वर्षाच्या सुमारास जवळचे दिसेनासे होते म्हणून जो चष्मा लागतो, त्यालाच आपण चाळिशी म्हणतो. ती लागली म्हणून कोणी रडत नाही, नशिबाला दोष देत नाही, अंगारे-धुपारे करीत नाही; चष्मा आणतो आणि पेपर वाचू लागतो. डोळ्यांच्या बाबतीत आपला समाज इतका समजूतदार आहे, तर मेंदूच्या बाबतीत का नसावा? चाळिशीचा चष्मा घ्यायला जाल त्याच दिवशी दाबही मोजून या, एवढेच माझे मागणे आहे. ते चाळिशीतल्या आईवडिलांना सांगावयाचे आहे, आणि आपण विशीतल्या मुलामुलींनी ते आज घरी जाऊन सांगितले पाहिजे.